तालीम, टीम आणि पेठ : फुटबॉल क्लब वस्तीला काय देतो?

(आमच्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती तेवढी काढली आहे, बोली मात्र तशीच ठेवली आहे.)

पडेगावातून बोलतोय. आजचा विषय फुटबॉल आहे, पण गोल कुणी किती मारले ते आज बघायचं नाहीये. एखाद्या वस्तीत फुटबॉलचा क्लब असला आणि त्याच्या पाठीशी त्याची माणसं उभी असली, तर त्या वस्तीच्या पदरात नेमकं काय पडतं, हे आज बघायचंय.

हा विषय का घेतला ते आधी सांगतो. छावणी ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागलं की आपलं पडेगाव, पुढं मिटमिटा. गेल्या काही वर्षांत इथं कॉलन्यांवर कॉलन्या उभ्या राहिल्या. कुणी जालन्याकडून आलं, कुणी बीड, परभणी, हिंगोलीकडून. कुणी वाळूजला कंपनीत शिफ्ट करतं, कुणी शहरात दुकानावर आहे, कुणी छावणीतून इकडं सरकलंय. गल्लीत घरं शेजारी शेजारी आहेत, पण ओळख? चौथ्या घरात कोण राहतं ते माहीत नसतं. आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात चौदा-पंधरा वर्षांची पोरं कुठं असतात, हे विचारलं तर निम्म्या घरांत खरं उत्तर मिळत नाही. आपल्या शहरात ‘बटन’ हा शब्द शर्टाच्या बटणासाठी वापरत नाहीत, नशेच्या गोळीसाठी वापरतात, हे इथल्या प्रत्येक आईबापाला माहीत आहे. तेव्हा वस्तीतल्या पोराला संध्याकाळी जायला एक जागा असणं आणि तिथं त्याला नावानं ओळखणारं मोठं माणूस असणं, ही चैन म्हणून सोडून देता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्यासाठी फुटबॉलच कशाला? कबड्डी आहे, क्रिकेट आहे. बरोबर आहे. पण महाराष्ट्रात एक शहर असं आहे जिथं फुटबॉलनं हे काम पिढ्यानपिढ्या केलंय. ते शहर म्हणजे कोल्हापूर. म्हणून आधी कोल्हापूरला जाऊ.

पेठ, तालीम आणि मग टीम

कोल्हापूरचा फुटबॉल समजून घ्यायचा तर आधी तालीम समजून घ्यावी लागते. आपल्याकडं तालीम म्हटलं की कुस्तीचा आखाडा डोळ्यांसमोर येतो. तिथंही सुरुवात तीच. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागचं मैदान उभं राहिलं, आणि शहरातल्या पेठापेठांतल्या तालमींना बळ आलं. पण तालीम म्हणजे फक्त लाल माती नव्हे. पेठेतली माणसं जिथं जमतात, भांडणं जिथं मिटवतात, गणपती जिथं बसवतात, मोहरमला पंजे जिथं बसवतात, ती जागा म्हणजे तालीम. बाबूजमाल तालमीत गणपती आणि पंजा एकाच छताखाली असतात, हे कोल्हापूरकराला नवल वाटत नाही. आपल्या शहरातून बघितलं तर वाटतं.

पुढं राजघराण्यानं फुटबॉललाही पाठबळ दिलं. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळे म्हणतात ती ‘केएसए’, स्थापन झाली. आणि या खेळासाठी वेगळे क्लब नव्यानं काढत बसायची वेळ आली नाही, कारण तालमी आधीच होत्या. ज्या तालमीत पैलवान घडायचे, त्याच तालमीच्या नावानं अकरा पोरं मैदानात उतरायला लागली. आजही संघांची नावं बघा. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ. त्यांच्यासोबत प्रॅक्टिस क्लब आहे, उपनगरातला फुलेवाडीचा संघ आहे. वरिष्ठ गटात १६ संघांची लीग चालते, ती संपली की वेगवेगळ्या चषकांच्या स्पर्धा. हे सगळं शहराच्या मधोमध असलेल्या शाहू स्टेडियमवर. हिवाळ्यात मोसम सुरू होतो आणि उन्हाळा तापेपर्यंत चालतो.

मोसमाच्या आधी खेळाडूंची नोंदणी होते. कोणता खेळाडू कुठल्या तालमीत गेला, ही तिथल्या वर्तमानपत्रांत बातमी असते. मोठ्या सामन्याच्या दिवशी माणसं तिकीट काढून बसतात. शिवाजी पेठेचा संघ आणि मंगळवार पेठेचा संघ समोरासमोर आला की दोन्ही पेठांत दुपारनंतर कामात कुणाचं लक्ष नसतं. आणि लक्षात घ्या, हे आयएसएलचे संघ नाहीत. टीव्हीवर झळकणारे तारे नाहीत. खेळणारा पोरगा त्याच गल्लीतला असतो, त्याचा काका तिथंच दुकान चालवतो, आणि पेनल्टी चुकली तर दुसऱ्या दिवशी दूध आणायला जाताना त्याला चार लोकांना उत्तर द्यावं लागतं.

माझ्या मते कळीचा मुद्दा इथंच आहे. मॅन्चेस्टर किंवा माद्रिदच्या संघावर प्रेम करायला काहीच हरकत नाही, पडेगावातही रात्री दीड वाजता उठून मॅच बघणारी पोरं आहेत. पण त्या क्लबला तुमचं नाव माहीत नसतं. तालमीच्या संघाला माहीत असतं. तुम्ही आठ दिवस दिसला नाहीत तर कुणीतरी घरी विचारायला येतं. वस्तीला जो फायदा होतो तो या विचारायला येण्यातून होतो.

नेमका फायदा काय?

आपण जरा मोजून बघू. ‘खेळामुळे एकोपा वाढतो’ असं वाक्य कुठल्याही उद्घाटनाच्या भाषणात मिळतं, त्यानं काही समजत नाही.

पहिला फायदा : रोजचा नेम. संघ म्हटला की सराव आला. सराव म्हटला की वेळ ठरली, आणि वेळ ठरली की कोण आलं नाही ते कळतं. ज्या पोराला शाळेत कुणी विचारत नाही, त्याची इथं वाट बघतात, कारण त्याच्याशिवाय डाव्या बाजूला खेळायला कुणी नसतं. संध्याकाळचे दीड-दोन तास असे बांधले गेले की निम्मी काळजी मिटली.

दुसरा : मोठ्यांचं लहानांवर लक्ष. क्लबात वयाची शिडी असते. चाळिशीतला जुना खेळाडू बाहेर कट्ट्यावर बसतो, पंचविशीतला वरिष्ठ संघात खेळतो, पंधरा वर्षांचा त्याचे बूट बघत असतो, आणि आठ वर्षांचा रेषेबाहेर गेलेला चेंडू पळत जाऊन आणून देतो. आपल्या कॉलन्यांत ही शिडीच मोडलीये. पोरं फक्त आपल्या वयाच्या पोरांबरोबर असतात, आणि मोठी माणसं फक्त रागवायला येतात.

तिसरा : पैसा वस्तीतच फिरतो. सामन्याच्या दिवशी चहावाला, शेंगदाणेवाला, भडंगवाला, रिक्षावाला, सगळ्यांचा चार तासांचा धंदा होतो. संघाचे टी-शर्ट कुणीतरी शिवतं, बॅनर कुणीतरी छापतं, चषक कुणीतरी बनवतं. रक्कम फार मोठी नसते, पण ती वस्तीतल्या खिशातून वस्तीतल्याच खिशात जाते.

चौथा : बाहेर जायची वाट. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याच शहराचा निखिल कदम मोहन बागानकडून खेळला. मुलींच्या बाजूनं बघितलं तर एफसी कोल्हापूर सिटी हा संघ भारतीय महिला लीगमध्ये उतरला. अशी नावं हजारांत एखादं. पण त्या एका नावामुळे बाकीच्या नऊशे नव्याण्णव पोरांना कळतं की गल्लीतून मैदानात आणि मैदानातून पुढं जायला रस्ता आहे.

पाचवा फायदा मला सगळ्यांत मोठा वाटतो, आणि तो रोज दिसत नाही. तो संकटात दिसतो.

पाणी चढतं तेव्हा

पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, ते ५६ फुटांच्या वर गेलं. शहराच्या खालच्या भागात घरंच्या घरं पाण्यात, महामार्ग बंद, दूध-पेट्रोल येणं बंद.

अशा वेळी सरकारी यंत्रणा येते, एनडीआरएफ येते, लष्कर येतं. पण ते येईपर्यंतचे तास आणि ते गेल्यानंतरचे आठवडे कोण बघतं? कोल्हापुरात ते तालमींनी आणि तरुण मंडळांनी बघितलं. माणसं बाहेर काढणं, जेवण शिजवणं, पाकिटं करून पोचवणं, पाणी ओसरल्यावर घराघरातला गाळ उपसणं. यासाठी त्यांना नवी समिती नेमावी लागली नाही. कोणाच्या घरी म्हातारी आई झोपून आहे, कोणाकडं टेम्पो आहे, मोठी पातेली कुठं मिळतील, कोणाला पोहता येतं, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. फोन नंबर आधीच सेव्ह होते. हाक मारली की पन्नास पोरं येतील, हा भरवसा गणपतीनं आणि फुटबॉलनं वर्षानुवर्षं तयार केला होता.

म्हणजे बघा, संघ खेळतो तो रविवार आणि पूर येतो तो मंगळवार यांचा वरवर काही संबंध नाही. पण रविवारी एकत्र ओरडलेली माणसं मंगळवारी एकत्र पातेलं उचलतात. संकट आल्यावर ओळख करून घ्यायला वेळ नसतो, ती आधीच झालेली असावी लागते.

आपल्याकडं पूर येत नाही म्हणाल. आपलं संकट उलटं आहे, आपल्याकडं पाणी येत नाही. नळाला पाणी यायला किती दिवस लागतात ते तुम्ही जाणता. टँकर कुणाच्या दारात आधी थांबणार यावरून गल्लीत काय होतं तेही जाणता. तिथंही प्रश्न तोच आहे. गल्लीतली माणसं एकमेकांना ओळखतात का?

नागपूर : जिथं तालीम नव्हती

आता कुणी म्हणेल, कोल्हापूरकडं शंभर वर्षांच्या तालमी आहेत, राजघराण्याचं पाठबळ आहे, आपल्याकडं काय आहे? रास्त शंका आहे. म्हणून दुसरं उदाहरण नागपूरचं.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात विजय बारसे क्रीडाशिक्षक होते. झोपडपट्टीतली पोरं पावसात एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना त्यांनी बघितली, आणि त्यांना चेंडू दिला. २००१ पासून त्यांनी झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला, त्यातूनच ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. तिथली मुलं पुढं होमलेस वर्ल्ड कपला, म्हणजे बेघरांच्या जागतिक स्पर्धेला, भारताच्या वतीनं गेली. २०१६ मध्ये संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. २०२२ साली नागराज मंजुळ्यांचा ‘झुंड’ आला तेव्हा बऱ्याच जणांना ही गोष्ट पहिल्यांदा कळली.

सिनेमात बच्चन दिसतात, त्यामुळे आपल्याला वाटतं की सगळं एका मोठ्या माणसामुळे घडतं. सुरुवात एका माणसानं केली हे खरंच. पण पुढं टिकलं ते खेळून मोठी झालेली पोरं स्वतः शिकवायला लागली म्हणून. जो काल शिकत होता तो आज लहान पोरांना शिकवतोय, ही साखळी तयार झाली की संस्था एका माणसावर अवलंबून राहत नाही. पेठ नव्हती, तालीम नव्हती, तरी वीस वर्षांत हे जमलं. आपल्यासारख्या नव्या वस्तीला कोल्हापूरपेक्षा नागपूर जास्त जवळचं आहे असं मला वाटतं.

उलट बाजूही बघा. १५ सप्टेंबर २०१७ ला राज्य सरकारनं विश्वचषकाच्या निमित्तानं ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ केलं होतं. एका दिवशी लाखो पोरं फुटबॉल खेळली, शाळाशाळांना चेंडू वाटले गेले. हेतू चांगलाच होता. पण चेंडू एका दिवसात वाटता येतो, त्या चेंडूभोवती रोज संध्याकाळी उभा राहणारा माणूस वाटता येत नाही. चेंडूची हवा गेली की कोण भरणार, हा साधा प्रश्न आहे, आणि क्लब म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर.

जगात काय दिसतं?

थोडं बाहेर डोकावू. स्कॉटलंडमधला सेल्टिक हा क्लब सगळ्यांना माहीत आहे. १८८७ च्या नोव्हेंबरमध्ये ग्लासगोच्या गरीब वस्तीतल्या चर्चच्या सभागृहात तो स्थापन झाला. ब्रदर वॉलफ्रिड नावाच्या आयरिश धर्मबंधूंच्या पुढाकारानं. आणि उद्देश काय, तर आयर्लंडहून आलेल्या गरीब कुटुंबांतल्या पोरांच्या जेवणासाठी पैसा उभा करणं. म्हणजे आधी भुकेचा प्रश्न होता, मग त्यासाठी फुटबॉल आला. आज ज्याच्या जर्सीला जगभर गिऱ्हाईक आहे तो क्लब मुळात एका अन्नछत्रासाठी निघाला होता.

लिव्हरपूल शहरात लिव्हरपूल आणि एव्हर्टन हे दोन क्लब, पिढ्यांचं वैर. पण २०१५ पासून दोन्हीकडचे समर्थक मिळून सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर धान्य, डबाबंद अन्न गोळा करतात आणि शहरातल्या फूड बँकांना देतात. मॅचला येताना माणूस पिशवीत दोन डबे घेऊन येतो, गाडीत टाकतो आणि आत जाऊन दुसऱ्या संघाला शिव्या घालतो. मला हे फार आवडतं. वैर सोडा असं कुणी सांगत नाही. वैर ठेवा, पण भुकेच्या बाबतीत एक व्हा.

जर्मनीत वेगळीच गोष्ट आहे. तिथं मोजके अपवाद सोडले तर नियम असा की क्लबच्या मतांपैकी निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडंच राहिली पाहिजेत. त्याला ते ‘५०+१’ म्हणतात. कुणी धनदांडगा आला, पैसा ओतला, तरी क्लब त्याच्या खिशात जात नाही. आपल्याकडच्या सहकारी संस्थांत एक सभासद एक मत असतं ना, तसलाच विचार. फक्त आपल्या सहकाराचं पुढं काय काय झालं तेही आपण पाहिलंय, म्हणून हा मुद्दा जरा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

काळी बाजूही आहेच

आता सगळं गोड गोड सांगून थांबलो तर ते खोटं ठरेल. कोल्हापुरात सामन्यानंतर हाणामाऱ्या झाल्यात. मैदानात बाटल्या आल्यात, पेठांत दगडफेक झालीये, पोलिसांनी पोरांवर गुन्हे दाखल केलेत. एका संध्याकाळच्या भांडणापायी पोराच्या नावावर केस लागते, आणि पुढं पोलीस भरतीला किंवा पासपोर्टला तीच आडवी येते. ज्या प्रेमातून पातेलं उचललं जातं, त्याच प्रेमातून दगडही उचलला जातो. हे नाकारून चालणार नाही.

कोलकात्यात तर याची फार मोठी किंमत मोजली गेली. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालचा सामना होता. प्रेक्षकांत मारामारी झाली, चेंगराचेंगरी झाली, १६ माणसं गेली. घरून मॅच बघायला निघालेली माणसं. पण त्या शहरानं पुढं काय केलं बघा. १६ ऑगस्ट हा दिवस तिथं फुटबॉलप्रेमी दिन म्हणून पाळतात आणि त्या दिवशी रक्तदान शिबिर घेतात. ज्या दिवशी रक्त सांडलं त्याच दिवशी रक्त द्यायचं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर मुलीच्या खुनानंतर ईस्ट बंगाल आणि मोहन बागानचे समर्थक एकत्र रस्त्यावर उतरले, मोहम्मेडन स्पोर्टिंगचेही आले. जन्मभर एकमेकांना पाण्यात बघणारी माणसं एका मुलीसाठी खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

दुसरी अडचण राजकारणाची. स्पर्धा भरवायला पैसा लागतो, पैसा पुढाऱ्याकडं असतो, मग चषकाला त्याचं नाव, मैदानाला त्याचा फ्लेक्स. काही पुढारी खरोखर खेळावर प्रेम करतात, हे मान्य. पण क्लबचा अध्यक्ष कोण हे जर वॉर्डातल्या निवडणुकीवरून ठरायला लागलं, तर पोरं खेळाडू राहत नाहीत, मोर्चाला न्यायची गर्दी होतात.

तिसरी अडचण जिंकायच्या हव्यासाची. कोल्हापुरात तालमींनी परदेशी खेळाडू, मुख्यतः आफ्रिकेतले, पैसे देऊन आणायला सुरुवात केली. खेळाचा दर्जा वाढला असं एक बाजू म्हणते, गल्लीतल्या पोराची जागा गेली असं दुसरी म्हणते. दोन्हींत तथ्य आहे. पण वस्तीच्या नजरेनं बघितलं तर प्रश्न सोपा आहे. आपण चषकासाठी क्लब चालवतोय की पोरांसाठी?

आणि चौथी, मुलींची. कट्टा पुरुषांचा, मैदान पुरुषांचं, घोषणा तर विचारूच नका. ज्या क्लबात आपल्या बहिणीला, लेकीला पाठवायला आपणच कचरतो, तो निम्म्या वस्तीचाच क्लब असतो.

मग पडेगावात काय करता येईल?

आता आपल्या दारात येऊ. मोठी स्वप्नं नकोत, जमेल तेवढंच बोलू.

पहिली गोष्ट जागा. पूर्ण फुटबॉल मैदान १०५ बाय ६८ मीटरचं लागतं, ते आपल्या कॉलन्यांत मिळणार नाही. पण पाच-पाच जणांच्या खेळाला ४० बाय २० मीटर पुरतं. मोठ्या मंजूर लेआऊटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. तुमच्या लेआऊटचा नकाशा काढा आणि ती जागा आज कुठं आहे ते बघा. कुठं तिथं बांधकामाचा राडारोडा पडलाय, कुठं गाड्या लागतात, कुठं कुणाचा पत्र्याचा शेड आलाय. रोज संध्याकाळी वीस पोरं जिथं खेळतात त्या जागेवर शेड टाकायला माणूस दहादा विचार करतो. मोकळी जागा वाचवायचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

हिरवळीचा हट्ट धरू नका. प्यायला पाणी नाही तिथं लॉनला कुठून आणणार? मुरूम टाकून, दाबून, दगड वेचून घेतलेलं मैदान चालतं. दगड वेचायला पालकांना बोलवा, पहिली ओळख तिथंच होते.

दुसरी गोष्ट माणूस. प्रशिक्षक नंतर बघू, आधी रोज हजर राहणारा माणूस पाहिजे. खरं तर तिघं पाहिजेत, म्हणजे एकाची सेकंड शिफ्ट लागली तरी दुसरा असेल. त्यांतली एक बाई असावी. ताई मैदानावर उभी दिसली की मुलींना पाठवताना घरच्यांचा हात आखडत नाही. मुलींची वेळ सुरुवातीपासून ठरवून ठेवा. ‘आधी मुलांचं बसवू, मग मुलींचं बघू’ असं म्हटलं की ते ‘मग’ कधी येत नाही.

तिसरी गोष्ट हिशोब. लहान पोरांना चार नंबरचा चेंडू, मोठ्यांना पाच नंबरचा, आणि एक पंप. एवढ्यावर सुरुवात होते. महिन्याला घरटी थोडी वर्गणी काढा, आणि ज्याला जमत नाही त्याच्याकडून मागू नका. पण आलेला प्रत्येक रुपया आणि गेलेला प्रत्येक रुपया महिन्याच्या शेवटी कागदावर लिहून मैदानाच्या भिंतीला चिकटवा. पुढं संस्था नोंदवायची झाली तर किमान सात सभासद लागतात, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी होते. तेव्हा घटनेत दोन ओळी घालाच. एक, निर्णय सभासदांच्या मतानं होतील, देणगी देणाऱ्याच्या मतानं नाही. जर्मनीचा मुद्दा म्हणूनच लक्षात ठेवायला सांगितला होता. दोन, क्लबचं नाव आणि टी-शर्ट कुठल्याही पक्षाच्या मोर्चात दिसणार नाही.

चौथी गोष्ट समर्थक. टीम बनवायची आपल्याला घाई असते, बघणारे आपोआप येतील असं वाटतं. तसं होत नाही. रविवारचा सामना ठरवा, वेळ ठरवा, गल्लीतल्या आजी-आजोबांसाठी चार खुर्च्या टाका. ज्यांना खेळता येत नाही त्यांना काम द्या. कुणी स्कोर लिहील, कुणी पाणी देईल, कुणी फोटो काढील. आणि सामन्याच्या दिवशी एक बाहेरचं काम जोडा. एखाद्या रविवारी वह्या-पुस्तकं गोळा करा, एखाद्या रविवारी रक्तगटांची यादी करा. यादी करायला पैसा लागत नाही, पण रात्री दोन वाजता घाटीत कुणाला रक्त लागलं तर त्या यादीची किंमत कळते.

आणि पाचवी, आपल्या शहरासाठी खास. संघ गल्लीवार करू नका, मिसळून करा. ही गल्ली त्यांची, ती आपली, असं आपल्याकडं आधीच फार झालंय. अकरा पोरांत सगळ्या घरांतली पोरं असतील तर सामना हरला तरी सगळ्यांचाच हरतो. शहरात कधी वातावरण तापलं, अफवा फिरायला लागल्या, की मैदानावरची ओळख कामाला येते. ज्याला आपण काल पास दिला त्याच्याबद्दल आलेला मेसेज माणूस पुढं ढकलण्याआधी एकदा थांबतो. तेवढं थांबणंही पुष्कळ असतं.

हे सगळं करून पडेगावातून भारताचा खेळाडू निघेल का? निघाला तर पेढे वाटू. नाही निघाला तरी काही बिघडत नाही. दहा वर्षांनी इथला एखादा पंचविशीतला तरुण कामावरून येऊन, बूट बांधून, आठ वर्षांच्या पोरांना चेंडू अडवायला शिकवत असेल, आणि त्याला त्या प्रत्येक पोराचं घर माहीत असेल, तर क्लबनं आपलं काम केलं असं मी म्हणेन.

तुमच्या भागात अशी मोकळी जागा असेल, किंवा आधीपासून चालू असलेला एखादा संघ असेल, मग तो फुटबॉलचाच असला पाहिजे असं नाही, तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या एखाद्या भागात त्यांना बोलतं करू. आणि या रविवारी मोबाईल खिशात ठेवून आपल्या लेआऊटच्या मोकळ्या जागेपर्यंत एक चक्कर मारून या. तिथं काय आहे ते बघा, पोरांना विचारा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.